रुग्णालयात दाखल बालकांमधील नोरोव्हायरस : तीव्रता कशी ठरवावी आणि गुंतागुंत कशी ओळखावी

नोरोव्हायरसची लागण झालेली बहुसंख्य मुले दोन-तीन दिवसांच्या उलट्या-जुलाबांनंतर घरच्या घरीच बरी होतात, आणि त्यामुळेच हा आजार हलक्यात घेण्याची सवय सर्वांनाच लागते. रुग्णालयात दाखल करावे लागलेले मूल मात्र या बहुसंख्यांपैकी नसते. त्याच्या शरीरातील पाणी वेगाने कमी झालेले असते, त्याचे वय फार कमी असते किंवा त्याला आधीपासूनच दुसरा एखादा आजार असतो. ही मार्गदर्शिका बालरोग विभागात नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी लिहिली आहे. मुलाच्या उशाशी बसलेल्या पालकांनाही तिच्यातून काय पाहायचे आणि केव्हा हाक मारायची, हे कळू शकेल. तिचे मुख्य सूत्र असे की, प्रयोगशाळेच्या अहवालातील विषाणूच्या नावावरून तीव्रता ठरत नाही. ती ठरते मुलाचे वय, त्याची मूळ प्रकृती आणि दर काही तासांनी बदलत जाणारा पाण्याचा व क्षारांचा हिशेब यांवरून.

विषाणूविषयी आवश्यक तेवढे

१९६८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक या गावी एका प्राथमिक शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. त्या साथीतील नमुन्यांमध्ये १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू प्रथम दिसला, आणि गावाच्या नावावरूनच त्याचे नाव रूढ झाले. लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत लक्षणे सुरू होतात. अत्यल्प विषाणूकणही आजार निर्माण करण्यास पुरेसे असतात. त्याचे अनेक जनुकीय प्रकार आहेत. त्यांपैकी दुसऱ्या जनुकगटातील चौथा प्रकार अनेक वर्षे जगभरातील साथींमध्ये सर्वाधिक आढळला. ज्या देशांत रोटाव्हायरसची लस सर्वदूर पोहोचली, तेथे लहान मुलांना डॉक्टरांकडे नेण्यास भाग पाडणाऱ्या जुलाबांच्या कारणांमध्ये नोरोव्हायरस आता पहिल्या क्रमांकावर किंवा त्याच्या आसपास आहे. त्याच्यावर सर्वसामान्य वापरासाठी मान्यता मिळालेली लस किंवा खास औषध नाही.

रुग्णशय्येपाशी उपयोगी पडेल अशी गोष्ट म्हणजे या आजारात उलट्या जुलाबांपेक्षा आधी सुरू होतात आणि बऱ्याचदा जुलाबांपेक्षा जास्त त्रास देतात. विषाणूमुळे लहान आतड्याच्या आतील केसाळ अस्तर खुजे होते आणि जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते, त्यामुळे तोंडाने दिलेले पाणी टिकत नाही. ताप असला तरी बहुधा सौम्य असतो. जुलाब पाण्यासारखे असतात, त्यांत रक्त किंवा शेम सहसा नसते. रोटाव्हायरसशी तुलना केली तर सरासरीने नोरोव्हायरसचा आजार थोडा सौम्य आणि कमी मुदतीचा असतो. पण सरासरी ही गटाची असते, समोरच्या मुलाची नव्हे.

पहिल्या तासात

मूल दाखल होताच इतिहास विचारण्यापूर्वी श्वास, नाडी आणि शुद्ध पाहावी. हातपाय थंड पडले आहेत का, नाडी वेगवान आणि क्षीण आहे का, नख किंवा छातीवरची त्वचा दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो का, मूल हाकेला प्रतिसाद देते का, हे पाहायला एक मिनिट पुरते. लहान मुलांमध्ये रक्तदाब अगदी शेवटपर्यंत टिकून राहतो, म्हणून ‘रक्तदाब चांगला आहे’ या नोंदीवर विसंबून राहू नये. तो खाली येईपर्यंत आघाताची (शॉकची) अवस्था बरीच पुढे गेलेली असते.

त्यानंतर कपडे काढून वजन घ्यावे. आजारापूर्वीचे वजन लसीकरणाच्या नोंदीत किंवा अलीकडच्या तपासणीच्या कागदावर सापडले, तर पाण्याची तूट मोजण्याचा त्याहून विश्वासार्ह मार्ग नाही. १० किलो वजनाचे मूल दोन दिवसांत ९.३ किलोवर आले असेल, तर तूट सात टक्के. पुढची वजने त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी घ्यावीत. जुने वजन मिळत नसेल तर शारीरिक चिन्हांवर अवलंबून राहावे लागते. त्यांत रंग परत येण्यास लागणारा विलंब, चिमटीत धरलेली पोटावरची त्वचा हळू पूर्ववत होणे आणि खोल-वेगवान श्वास ही तीन चिन्हे इतरांपेक्षा अधिक भरवशाची आहेत. खोल गेलेले डोळे, कोरडी जीभ, अश्रूंचा अभाव, तान्ह्या बाळाची खोल गेलेली टाळू यांचीही नोंद करावी, पण त्यांपैकी कोणत्याही एकाच चिन्हावर निर्णय घेऊ नये. कुपोषित मुलात त्वचा मुळातच सैल असते आणि डोळे मुळातच खोल असतात, तर लठ्ठ मुलात पाण्याची मोठी तूटही त्वचेवर दिसत नाही.

शेवटची लघवी केव्हा झाली, हा प्रश्न पालकांना नेमका विचारावा. पाण्यासारख्या जुलाबांनी भिजलेल्या डायपरमध्ये लघवी ओळखता येत नाही, म्हणून गंभीर वाटणाऱ्या बाळाला लघवीची पिशवी लावणे इष्ट. सुस्त, चिडचिड्या किंवा आकडी येऊन गेलेल्या प्रत्येक मुलाची रक्तशर्करा तेथेच बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासावी. क्षारांची तपासणी मात्र प्रत्येक मुलाला लागत नाही. शिरेतून द्रव द्यावे लागणारी मुले, सहा महिन्यांखालील बाळे, आकडी आलेली, शुद्ध बदललेली किंवा आधीचा आजार असलेली मुले यांच्यात ती अवश्य करावी.

गुणांकन आणि त्याची मर्यादा

आजाराची तीव्रता अंकांत मांडण्यासाठी वेसिकारी गुणांकन सर्वाधिक वापरले जाते. जुलाबांचे दिवस, एका दिवसातील जास्तीत जास्त जुलाब, उलट्यांचे दिवस, एका दिवसातील जास्तीत जास्त उलट्या, ताप, पाण्याची तूट आणि करावे लागलेले उपचार अशा सात गोष्टींना गुण देऊन एकूण २० पैकी बेरीज केली जाते. सातपेक्षा कमी गुण म्हणजे सौम्य, ७ ते १० मध्यम आणि ११ किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र आजार.

हे गुणांकन अभ्यासांतील गटांची तुलना करण्यासाठी उत्तम आहे, पण नोरोव्हायरसच्या पहिल्या दिवशी ते फसवू शकते. एका दिवसात पाचपेक्षा जास्त उलट्या झालेले, जुलाब अजून सुरूच न झालेले, ताप नसलेले आणि सात टक्के पाणी गमावलेले बाळ घ्या. उलट्यांच्या एका दिवसाचा १, त्यांच्या संख्येचे ३, पाण्याच्या तुटीचे ३ आणि रुग्णालयात दाखल केल्याचे २ मिळून बेरीज ९ होते, म्हणजे कागदावर आजार ‘मध्यम’ ठरतो. प्रत्यक्षात त्या बाळाला तातडीने द्रव देण्याची गरज असते. आजाराची मुदत गुणांत धरलेली असल्यामुळे लवकर आलेले मूल नेहमीच कमी गुण मिळवते. म्हणून गुण नोंदवावेत, पण उपचाराचा निर्णय पाण्याच्या तुटीवरून घ्यावा. त्यासाठी चेहरामोहरा व वागणूक, डोळे, तोंडातील ओलावा आणि अश्रू या चार गोष्टींवर आधारलेले शून्य ते आठ गुणांचे छोटे मापन दर चार तासांनी करता येते. पाच किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे मध्यम ते तीव्र तूट.

काही मुलांबाबत मात्र गुण कितीही कमी आले तरी पहिल्या दिवसापासूनच सावध राहावे. दोन वर्षांखालील, विशेषतः सहा महिन्यांखालील बाळे, अपुऱ्या दिवसांची जन्मलेली बाळे, कुपोषित मुले, कर्करोगाचे उपचार चाललेली किंवा अवयव प्रत्यारोपण झालेली मुले, हृदय, मूत्रपिंड किंवा चयापचयाचा जन्मजात विकार असलेली मुले आणि आतड्याचा भाग काढलेली मुले या गटात येतात.

द्रव देताना

आघाताची चिन्हे नसलेल्या मुलाला जलसंजीवनीच प्रथम द्यावी. मध्यम तूट असल्यास किलोमागे ७५ मिलिलिटर या हिशेबाने चार तासांत द्यायची असते, आणि तिच्याशिवाय प्रत्येक मोठ्या जुलाबामागे दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर जास्तीची. ‘सगळे उलटून पडते’ म्हणून लगेच सलाईन लावण्याचा आग्रह पालक धरतात, आणि दमलेला डॉक्टरही कधीकधी तो मान्य करतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा द्रावण कपाने एकदम पाजलेले असते. एक-दोन मिनिटांनी चमचाभर दिले आणि उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले, तर उलट्या चालू असतानाही पुरेसे पाणी आत राहते. तेही जमले नाही तर नाकातून जठरात नळी घालून हळूहळू देता येते.

सहा महिन्यांवरील मुलात उलट्यांमुळे जलसंजीवनी टिकत नसेल, तर ऑनडॅनसेट्रॉन या उलटी थांबवणाऱ्या औषधाची एक मात्रा, किलोमागे सुमारे ०.१५ मिलिग्रॅम, उपयोगी पडते. पोटॅशियम फार कमी असल्यास किंवा हृदयतालाचा विकार असल्यास हे औषध टाळावे, कारण ते हृदयाच्या विद्युत आलेखातील क्यूटी अंतर वाढवते. लोपेरामाइडसारखी आतडे थोपवणारी औषधे लहान मुलांना देऊ नयेत. प्रतिजैविकांचा या विषाणूवर काहीही परिणाम होत नाही.

तीव्र तूट असल्यास शिरेतून रिंगर्स लॅक्टेट हे क्षारयुक्त सलाईन किलोमागे १०० मिलिलिटर द्यावे. एक वर्षाखालील बाळाला त्यातील पहिले ३० मिलिलिटर एका तासात व उरलेले ७० पाच तासांत, तर मोठ्या मुलाला पहिले ३० अर्ध्या तासात व उरलेले ७० अडीच तासांत. तीव्र कुपोषण किंवा हृदयविकार असलेल्या मुलाला हा वेग झेपत नाही. तेथे वरिष्ठांच्या सल्ल्याने वेगळे प्रमाण ठरवावे लागते. नंतरच्या देखभालीसाठी समपरासारी द्रव, म्हणजे ग्लुकोज मिसळलेले ०.९ टक्के सलाईन वापरावे आणि लघवी झाल्याची खात्री पटल्यावरच त्यात पोटॅशियम घालावे. स्तनपान कोणत्याही टप्प्यावर बंद करू नये. तूट भरून निघताच नेहमीचा आहार सुरू करावा. जस्ताची कमतरता किंवा कुपोषण आढळणाऱ्या भागांत सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यावरील मुलाला २० मिलिग्रॅम जस्त १० ते १४ दिवस द्यावे.

गुंतागुंत

सर्वांत नेहमीची गुंतागुंत क्षारांची असते. उलट्या जास्त असल्या तरी जुलाबांतून बायकार्बोनेट (आम्ल शमवणारा क्षार) निघून गेल्याने आणि उपाशी पोटी कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढल्याने रक्त आम्लधर्मी होते, आणि मूल खोल व वेगाने श्वास घेऊ लागते. छाती स्वच्छ असताना दिसणारा असा श्वास न्यूमोनियाचा समजला जाण्याची शक्यता असते. सोडियम दोन्ही दिशांनी सरकू शकते. नुसते पाणी किंवा फार पातळ पेये पाजलेल्या बाळात ते घसरते. दाट कालवलेली दूधभुकटी किंवा चुकीच्या प्रमाणात केलेली जलसंजीवनी दिल्यास ते वाढते. वाढलेल्या सोडियमचा धोका असा की, पाणी पेशींतून रक्तात खेचले जाते, त्वचा कणकेसारखी लागते आणि तुटीची चिन्हे प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतात. मूल मात्र विलक्षण चिडचिडे असते. हे सोडियम ताशी ०.५ मिलिमोलपेक्षा वेगाने खाली आणू नये, नाहीतर मेंदूला सूज येऊन आकडी येऊ शकते. पोटॅशियम घसरले तर पोट फुगते, आतड्याची हालचाल मंदावते आणि बाळाची मान लुळी पडते.

दुसरी महत्त्वाची गुंतागुंत आकडीची आहे, आणि तिने पालकांइतकाच नव्या डॉक्टरांचाही धीर सुटतो. साधारण सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या, पूर्वी निरोगी असलेल्या मुलाला, तापाशिवाय, आजाराच्या पहिल्या काही दिवसांत, थोडक्या वेळाच्या आकड्या एकामागून एक येतात आणि मधल्या वेळात मूल शुद्धीवर असते. पाण्याची तूट नगण्य असते, शर्करा, सोडियम आणि कॅल्शियम योग्य प्रमाणात असतात. सौम्य जठरांत्रदाहासोबत येणाऱ्या या निरुपद्रवी आकड्यांचे वर्णन १९८२ मध्ये जपानमध्ये झाले, आणि रोटाव्हायरसप्रमाणेच नोरोव्हायरसमध्येही त्या आढळतात. त्यांचे भवितव्य चांगले असते. पुढे अपस्मार होण्याचे प्रमाण अल्प असल्याने दीर्घकाळ आकडीविरोधी औषधे द्यावी लागत नाहीत. मात्र हे निदान शेवटी करायचे असते, आधी नव्हे. प्रथम शर्करा आणि क्षार पाहावेत. आकडी पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर नेहमीच्या पद्धतीने आकडी थांबवण्याचे औषध द्यावे. ताप जास्त असेल, मान ताठ असेल, शरीराच्या एकाच बाजूला आकडी येत असेल किंवा मधल्या वेळात मूल शुद्धीवर येत नसेल, तर मेंदूज्वर आणि मेंदूदाह यांचा तपास थांबवू नये. द्रव भरून निघाल्यावर आणि शर्करा योग्य झाल्यावरही टिकून राहिलेली गुंगी थकव्याची समजू नये. क्वचित का होईना, नोरोव्हायरससोबत मेंदूविकार झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

रक्तशर्करा घसरण्याचा धोका लहान, बारीक आणि बारा तासांहून अधिक काळ उपाशी असलेल्या मुलांत असतो. चरबी जाळण्याच्या प्रक्रियेतील जन्मजात दोष अशाच एखाद्या साध्या उलट्यांच्या आजारात पहिल्यांदा उघड होऊ शकतो, म्हणून शर्करा कमी असताना कीटोनही कमी असतील तर त्या दिशेने तपास करावा. अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीच्या कमतरतेसाठी स्टिरॉइड घेणाऱ्या मुलाला ते तोंडाने टिकत नसेल तर इंजेक्शनने द्यावेच लागते. मधुमेही मुलाचे इन्सुलिन ते खात नाही म्हणून बंद करू नये.

मूत्रपिंडावरचा ताण बहुतेक वेळा पाण्याच्या तुटीमुळेच असतो आणि द्रव मिळताच उतरतो. सहा तास लघवी न झालेल्या आणि द्रव देऊनही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) न उतरणाऱ्या मुलात दुसरे कारण शोधावे. रक्तमिश्रित जुलाब, फिकटपणा आणि घटलेल्या प्लेटलेट असल्यास तो नोरोव्हायरस नव्हे. यकृताची विकरे (एन्झाइम) थोडी वाढलेली आढळल्यास घाबरण्याचे कारण नाही. ती आपोआप उतरतात.

पोटाची तपासणी एकदा करून भागत नाही. हिरवी उलटी, थांबून थांबून किंचाळणे, पाय पोटाशी घेणे, मधूनच पांढरे पडणे, ताठ किंवा फुगलेले पोट यांपैकी काही दिसले तर अहवालात नोरोव्हायरस आला असला तरी आतड्यात आतडे शिरणे किंवा अडथळा यासाठी सोनोग्राफी आणि शल्यचिकित्सकाचे मत घ्यावे. नवजात अतिदक्षता विभागातील अपुऱ्या दिवसांच्या बाळांत चित्र आणखी वेगळे असते. तेथे पोट फुगणे, दूध न पचणे, श्वास थांबणे आणि शौचात रक्त येणे हीच पहिली लक्षणे असू शकतात, आणि आतड्याचा ऊतिनाश करणाऱ्या दाहाशी या विषाणूचा संबंध काही साथींमध्ये नोंदला गेला आहे.

रोगप्रतिकारशक्ती दबलेल्या मुलांमध्ये हा आजार दिवसांचा राहत नाही. जुलाब आठवडे किंवा महिने चालतात, वजन घटते, आणि शिरेतून पोषण देण्याची वेळ येऊ शकते. प्रत्यारोपण झालेल्या मुलात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: जुलाबांमुळे टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातील पातळी घटण्याऐवजी वाढते आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचवू शकते, म्हणून ती वारंवार मोजावी.

अहवाल कसा वाचावा

शौचाच्या पीसीआर (विषाणूचे जनुकीय अंश शोधणाऱ्या) तपासणीत हा विषाणू सहज सापडतो. पण बरे झाल्यानंतरही काही आठवडे तो शौचातून बाहेर पडत राहतो, आणि काही निरोगी मुलांतही तो आढळतो. त्यामुळे सकारात्मक अहवाल म्हणजे आजच्या लक्षणांचे कारण सापडले, असे नव्हे. रक्तमिश्रित जुलाब किंवा टिकून राहिलेला तीव्र ताप असल्यास जिवाणूंचा शोध चालूच ठेवावा. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि मधुमेहातील आम्लविकार हे चारही आजार लहान मुलात उलट्यांनीच सुरू होऊ शकतात.

विभागात प्रसार रोखताना

दुसऱ्याच कारणासाठी दाखल असलेल्या मुलाला दोन दिवसांनंतर अचानक उलट्या सुरू झाल्या, तर ती औषधांची प्रतिक्रिया ठरवण्यापूर्वी रुग्णालयातून लागलेल्या संसर्गाचा विचार करावा. ही लागण अनेकदा सर्वांत दुर्बल मुलांनाच होते. मुलाला वेगळ्या खोलीत ठेवावे, हातमोजे आणि अंगरखा वापरावा, आणि उलटी साफ करताना मुखपट्टी लावावी. हात साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावेत. केवळ अल्कोहोल जेलवर हा विषाणू पुरेसा नष्ट होत नाही. पृष्ठभाग आधी पुसून घेऊन मग दशलक्ष भागांत १००० ते ५००० भाग क्लोरीन असलेल्या द्रावणाने निर्जंतुक करावेत. लक्षणे थांबल्यानंतरही किमान ४८ तास विलगीकरण चालू ठेवावे. तान्ह्या बाळांत आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांत त्याहून जास्त. उलट्या-जुलाब झालेल्या कर्मचाऱ्यानेही लक्षणे थांबल्यावर ४८ तास कामावर येऊ नये.

घरी सोडताना

मूल तोंडाने पुरेसे पीत आहे, लघवी होत आहे, वजन वाढू लागले आहे आणि वागणे नेहमीसारखे झाले आहे, एवढे जुळले की ते घरी जाऊ शकते. जुलाब पूर्ण थांबण्याची वाट पाहण्याची गरज नसते. शौच सैल राहणे आठवडाभर चालू शकते, हे पालकांना आधीच सांगावे. दोन आठवड्यांनंतरही जुलाब चालू असतील, दूध पाजल्यावर पोट फुगत असेल आणि बुडाची त्वचा सोलवटत असेल, तर दुग्धशर्करा न पचण्याचा तात्पुरता दोष असू शकतो, म्हणून पुन्हा तपासणीला बोलवावे. लघवी सहा तास न होणे, हिरवी किंवा रक्ताची उलटी, शौचात रक्त, आकडी, न उतरणारी सुस्ती यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब परत आणण्यास सांगावे आणि हे शब्दांत न ठेवता कागदावर लिहून द्यावे. पाळणाघर किंवा शाळा लक्षणे थांबल्यावर ४८ तासांनी सुरू करता येते. विषाणू गेला की नाही हे पाहण्यासाठी निरोगी मुलाची पुन्हा शौचतपासणी करू नये.